काळा थर

ब्रेमेनला येऊन मला आता तिसरं वर्ष लागलं. जर्मनीच्या उत्तरेकडचं हे शहर. मी जिथे काम करते ती जागा म्हणजे एक भलंमोठं गोदाम. आत बारा महिने ४ अंश तापमान. जूनमध्येसुद्धा जाकीट चढवूनच आत शिरायचं. खणांच्या रांगाच रांगा, आणि प्रत्येक खणात अटलांटिक, आर्क्टिक, भूमध्य समुद्राच्या तळातून उपसून आणलेला गाळ, दीड-दीड मीटरच्या नळ्यांमध्ये. नळी उभी चिरतात. एक अर्धी कायमची जपून ठेवतात, दुसरीतून आम्ही नमुने घेतो.

व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं तेव्हा माय म्हणाली, "एवढ्या दूर चिखल पाहाले गेली का तू?"

हो माय, चिखलच. पण तो पावसाचा हिशेब आहे.

माझ्याकडे भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातल्या नळ्या आहेत. फिकट करड्या गाळात मधेच काळाभोर पट्टा येतो, मग पुन्हा करडा, खाली पुन्हा काळा. या काळ्या थराला सॅप्रोपेल म्हणतात. आफ्रिकेत मान्सून जोरात असला की नाईलला महापूर यायचे. ते गोडं, हलकं पाणी समुद्रावर पसरायचं, वरचं पाणी खाली जाणं मंदावायचं आणि तळाशी प्राणवायू पोचायचा नाही. मेलेले जीव कुजायचे नाहीत, काळा थर साचत जायचा. अगदी अलीकडचा थर साधारण १०,००० ते ६,००० वर्षांपूर्वीचा. त्या काळात सहारात गवत होतं, तळी होती, तळ्यांत पाणघोडे होते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे साधारण दर २१,००० वर्षांनी उत्तर गोलार्धातला उन्हाळा जास्त कडक होतो, जमीन जास्त तापते आणि मान्सून आणखी आतपर्यंत शिरतो. काळे पट्टे त्याच तालावर येतात.

पहिल्यांदा अशी नळी उघडली तेव्हा मला आमची विहीर आठवली. मी सातवीत असताना बाबांनी वावरात विहीर खोदली. वर काळी, मग पिवळसर माती, मग मुरूम, आणि त्याखाली काळा पत्थर, जो सुरुंगाशिवाय हलेना. खोदणारे काका काठावरून हाताने दाखवत सांगायचे, इथपर्यंत काळी, इथून मुरूम. थर वाचायला मी तिथेच शिकले. पुढे विद्यापीठात त्याची नावं तेवढी कळली.

आमचं गाव लोणार तालुक्यातलं. नवरात्रात कमळजा देवीला सरोवराच्या काठी उतरायचो, पण पायाखालच्या गाळात काय आहे याची कल्पना नव्हती. जर्मन आणि भारतीय संशोधकांनी त्याच सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळ काढला. त्यात गेल्या ११,००० वर्षांचे पावसाळे आहेत. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. मी इथे वाचले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. सरोवर आटलं, पाणी फार खारं झालं की गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे खडे तळाशी बनतात. ते खडे दोन काळांत सापडले: ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. तेवढी वर्षं पाऊसच पडला नाही असं नाही. पावसाळे दुबळे होते, आणि तो दुबळेपणा शतकानुशतकं टिकला.

आमच्या आजीची गणती बहात्तरच्या दुष्काळापासून सुरू व्हायची. खडी फोडायला जाणं, सुकडी, जनावरं सोडून देणं. तिच्यासाठी त्याहून वाईट काही नव्हतंच. आणि सरोवराचा गाळ १,४०० वर्षांच्या तुटीची गोष्ट सांगतो! लोणारचं दैत्यसूदन मंदिर याच काळातलं. एवढं कोरीवकाम करणारी माणसं त्या पावसावर काय पिकवत असतील, काय खात असतील, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

बाबांचा प्रश्न मात्र सरळ असतो. "मंग यंदाचा पाऊस सांगता येते का?"

नाही येत, बाबा. आमच्याकडे दोनदा पेरणी करावी लागते तेव्हा हे उत्तर देताना जीव तुटतो. पण पुढच्या पन्नास-शंभर वर्षांचं हवामान सांगणारी जी मॉडेलं आहेत, त्यांना आम्ही आधी जुना काळ विचारतो. हिरवा सहारा दाखव म्हटलं तर बरीचशी मॉडेलं तिथे पुरेसा पाऊस पाडत नाहीत. गाळ म्हणतो पडला होता. म्हणजे मान्सूनचं काहीतरी अजून आपल्याला नीट उमगलेलं नाही, आणि ज्याचं सगळं घर मिरगाच्या पावसाकडे डोळे लावून बसतं त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. मी इथे रोज सेंटिमीटर-सेंटिमीटर गाळ मोजते ते यासाठी.

बाबांनी हे शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, विहिरीचं पाणी फेब्रुवारीतच खाली गेलं, यंदा मे महिन्यात आणखी दोन परस खोल करायची.

मी रजा टाकली आहे. त्यांना सांगून ठेवलंय, खोदकाम सुरू करा, पण मी येईपर्यंत वरचं बांधकाम करू नका. तो थर मला उघडा पाहायचा आहे.