ग्वाय्याबांबाच्या अलीकडचा बेडूक

काचबेडूक, म्हणजे पोटाच्या पारदर्शक कातडीतून आतले अवयव दिसतात असा बेडूक, मी पहिल्यांदा पाहिला तो बरणीत, आणि त्यात काचेसारखे काहीही नव्हते. इक्वेडोरची राजधानी क्विटो येथील एका विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात, अल्कोहोलच्या वासाने भरलेल्या अरुंद खोलीत, तेथील संशोधक बाईंनी चिमट्याने एक नमुना उचलून पांढऱ्या बशीत ठेवला, तेव्हा अंगठ्याच्या पेराएवढा, जुन्या सायीच्या रंगाचा एक जीव समोर आला. जिवंतपणी पोपटी असलेली त्याची कातडी अल्कोहोलमध्ये आपला हिरवेपणा गमावते. हायलिनोबॅट्राकियम गटातील बेडूक असे सायीच्या रंगाचे होतात, तर सेंट्रोलेनेसारख्या काही गटांतील बेडूक जांभळट पडतात, आणि मेल्यावर उरणारा हा रंगही अभ्यासक ओळखीची खूण म्हणून टिपून ठेवतात. आंबोलीच्या पावसात अनेक वर्षे बॅटरी घेऊन बेडूक शोधत हिंडलेल्या मला आपण रंगावरून बेडूक ओळखू शकतो असे वाटत असे; त्या बशीसमोर माझा तो आत्मविश्वास संपला.

बाईंनी नमुना उलटा केला आणि भिंगाखाली त्याचे यकृत दाखवले. हायलिनोबॅट्राकियमचे यकृत गोलसर गोळ्यासारखे असते आणि त्यावर चुन्याचा हात दिल्यासारखे पांढरे आवरण असते. इतर अनेक काचबेडकांत तेच यकृत तीन पाळ्यांत विभागलेले दिसते. मग त्यांनी दुसऱ्या बरणीतून एस्पादाराना प्रोसोब्लेपॉन या दुसऱ्या काचबेडकाचा नर काढला आणि टाचणीच्या टोकाने त्याच्या दंडावरचा उंचवटा मला दाखवला. दंडाच्या हाडातून निघालेला तो काटा नर आपसांत झुंजताना वापरतात. 1991 मध्ये रुईस कार्रान्सा आणि जॉन लिंच यांनी या कुळाची मांडणी केली ती मुख्यतः अशा खुणांवर, म्हणजे काटा आहे की नाही आणि यकृत कोणत्या घडणीचे आहे यावर. तिच्यामुळे पहिल्यांदाच या बेडकांचे सुटसुटीत गट पडले. पुढे 2009 मध्ये हुआन ग्वायासामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय माहितीच्या आधारे वंशवृक्ष उभा केला, तेव्हा दंडावर काटा आहे एवढ्यावरून दोन बेडूक जवळचे नातलग ठरत नाहीत हे स्पष्ट झाले आणि अनेक प्रजातींची आडनावेच, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्दच, बदलली. एस्पादाराना हे नावही त्याच फेरमांडणीतले. 1872 मध्ये पहिल्या काचबेडकाचे शास्त्रीय वर्णन करणाऱ्या स्पॅनिश निसर्गअभ्यासक हिमेनेस दे ला एस्पादा यांचे आडनाव आणि स्पॅनिशमधील ‘राना’ म्हणजे बेडूक, या दोहोंतून ते घडवले आहे.

या खोलीत मला एक गोष्ट सहन करणे जड गेले, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नव्या प्रजातीचे नाव जाहीर करायचे तर एक बेडूक कायमचा या बरणीत यावा लागतो. त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे कधीही शंका आली तर त्या नावाचा अर्थ शेवटी याच एका देहाशी ताडून पाहायचा असतो. बेडूक वेदना न होऊ देता मारतात, यकृताचा तिळाएवढा तुकडा डीएनएसाठी वेगळ्या कुपीत ठेवतात आणि पायाला क्रमांकाची चिठ्ठी बांधतात. ती बारीक दोऱ्याची गाठ मी बराच वेळ पाहत राहिले. आजही मला ते पाहणे सोपे वाटत नाही, पण त्याशिवाय हे काम होत नाही हे मला पटले आहे.

दोन दिवसांनी मी पाक्तो या गावाला निघाले. क्विटोहून वायव्येकडे जाणारी बस विषुववृत्त ओलांडून उतरणीला लागली की थोड्याच वेळात हवा पालटते. 2850 मीटरवरचा कोरडा गारवा मागे पडतो, खिडकीला आतून बाष्प धरते आणि रस्त्याकडेच्या दरडींवर नेचे आणि शेवाळ यांची अशी गर्दी होते की माती कुठे उघडी दिसत नाही. हा अँडीजचा पश्चिम उतार, चोको अँदिनो. 2018 पासून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत त्याचे नाव आहे. मार्च महिना होता, म्हणजे तिथला ऐन पावसाळा.

पाक्तोत उतरताच पहिला वास आला तो उसाच्या रसाच्या उकळीचा. इथे घरोघरी पानेला करतात, म्हणजे आपला गूळच. फक्त ढेपेऐवजी चौकोनी किंवा गोल वड्या पाडतात. गुऱ्हाळाच्या काहिलीवरची तीच मळी, तोच चिकट धूर आणि तोच घाम पाहून मला कोल्हापूरकडचे दिवस आठवले. ज्यांच्या घरी मी उतरले होते ते दादा दिवसा ऊस तोडतात आणि रात्री पाहुण्यांना ओढ्यांवर नेतात. डोंगराखालच्या सोन्यातांब्यावर खाणवाल्यांची नजर आहे, हे त्यांनी पहिल्या चहालाच सांगितले. ऑगस्ट 2023 मध्ये क्विटोच्या मतदारांनी चोको अँदिनोतील खाणकाम थांबवण्याच्या बाजूने दोन तृतीयांशांहून अधिक मते दिली, आणि त्या मतदानाबद्दल बोलताना दादांचा आवाज लग्नघरातल्या माणसासारखा झाला होता.

मला ज्या बेडकाची ओढ होती त्याचे नाव हायलिनोबॅट्राकियम माश्पी. माश्पी हे इथून जवळचे खोरे. मार्च 2022 मध्ये ग्वायासामिन, रेबेका ब्रुनर, हाइमे कुलेब्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्याच निबंधात त्याच्या जुळ्या भावासारख्या दुसऱ्या प्रजातीचेही. ती दुसरी सापडली ग्वाय्याबांबा नदीच्या पलीकडे, तोइसान डोंगररांगेत, मांदुरियाकू नदीच्या अरण्यात. संवर्धनाला मदत करणाऱ्या ‘नाउन्स’ नावाच्या इंटरनेटवरील समूहावरून तिला हायलिनोबॅट्राकियम नाउन्स म्हणतात. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत वीसेक किलोमीटरचे अंतर आहे आणि दोन्ही बेडूक डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात: पिवळे ठिपके, त्यांच्याभोवती बारीक काळे बिंदू आणि पोटाकडून पाहिले तर उघडे धडधडते लाल हृदय. तरीही तपासलेल्या डीएनएच्या तुकड्यांत त्यांच्यात जवळपास 5 टक्के फरक निघाला. मधली दरी खोल, उबदार आणि कोरडी आहे. ज्याचे सगळे आयुष्य ओढ्यावरच्या ओल्या पानाखाली जाते, त्या दोन सेंटिमीटरच्या जीवाला ती दरी समुद्रासारखीच आहे. संग्रहालयातील बाई म्हणाल्या होत्या की नकाशावर नदी दिसली तरच दोन्ही काठांचे बेडूक ताडून पाहायचे सुचते, एरवी सगळे एकाच बरणीत जातात.

रात्री आठ वाजता आम्ही निघालो. दादा, पदव्युत्तर अभ्यास करणारी एक मुलगी आणि मी. घराबाहेर पडण्यापूर्वी तिने आमच्या बुटांचे तळवे जंतुनाशकाने धुऊन घेतले, कारण बेडकांच्या कातडीला ग्रासणारी कायट्रिड बुरशी एका ओढ्यातून दुसऱ्यात बुटांच्या चिखलाबरोबर जाऊ शकते. डासांचे मलम लावलेल्या हातांनी मी काहीही हाताळायचे नाही, अशी सक्त सूचनाही मिळाली. ओढ्यात उतरलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या खाली होते आणि त्याचा आवाज इतका मोठा की शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावे लागत होते.

अशा गोंगाटात हे बेडूक ऐकू कसे येतात हा माझा प्रश्न होता. उत्तर पंधरा मिनिटांत मिळाले. पाण्याचा आवाज जाड आणि खालच्या पट्टीतला असतो, तर नराची हाक इतकी बारीक आणि वरच्या पट्टीतली की ती पाण्याच्या आवाजावर तरंगते. मुलीने हात वर करून आम्हाला थांबवले, लांबट मायक्रोफोन धरला आणि हवेचे तापमान वहीत लिहिले, कारण तापमानाबरोबर बेडकाच्या हाकेचा वेगही बदलतो आणि तो आकडा नसेल तर दोन रात्रींच्या हाका एकमेकींशी ताडता येत नाहीत. नव्या प्रजातींच्या वर्णनात आता हाकेचे विश्लेषणही येते, ते उगाच नव्हे. रंग अल्कोहोलमध्ये जातो, हाक तर पकडल्या क्षणीच थांबते. ती ज्याने इथे पाण्यात उभे राहून टिपली, त्याच्याकडेच ती राहते.

दादांनी पानाचा देठ न ओढता, नुसते बोट टेकवून, डोक्यावरचे एक रुंद पान किंचित तिरपे केले. पानाच्या पाठीला तो चिकटून बसला होता. शेजारी पारदर्शक जेलीचा चपटा थर होता आणि त्यात अंडी. सर्वांत जुन्या अंड्यांमध्ये शेपट्या वळवळताना दिसत होत्या. या गटातले नर अंडी सोडून जात नाहीत, पिल्ले जेलीतून सुटून खालच्या पाण्यात पडेपर्यंत राखण करतात. मुलीने मंद प्रकाश पानाच्या वरच्या बाजूने धरला आणि बेडूक जणू आतून पेटला. त्याचे हृदय मी पाहिले. डाळिंबाच्या दाण्याहून लहान, लाल, आणि इतक्या शांतपणे हलणारे की माझाच श्वास थांबला. शेजारी यकृताचा पांढरा गोळा होता, संग्रहालयातल्या बशीत पाहिलेला तोच. पण इथे तो जिवंत होता. फ्लाइशमान या त्याच्या नातलग प्रजातीवर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून असे दिसले की झोपताना हे बेडूक आपल्या जवळपास 89 टक्के तांबड्या पेशी यकृतात दडवतात आणि त्यामुळे दिवसा पानावर दिसेनासे होतात. पांढऱ्या आवरणाआड काय साठवले जाते हे कळल्यावर तो गोळा मला बरणीतल्या खुणेपेक्षा फार मोठा वाटू लागला.

“हाच माश्पी ना?” मी विचारले. मुलीने लगेच होकार दिला नाही. तिने आधी ठिकाण लिहिले, मग उंची, मग पान, मग हाकेच्या नोंदीचा क्रमांक, आणि नावाच्या रकान्यात सर्वांत शेवटी, पेन्सिलने, ‘हा. माश्पी’ असे लिहिले. मला म्हणाली, “ताई, नाव पुढे बदलू शकते, म्हणून ते पेन्सिलने. ओढा बदलणार नाही, तो शाईने.”

परतताना पाऊस आला. मीही दादांच्या ओसरीवर बसून, ओल्या बोटांनी, माझ्या वहीत तिच्यासारखीच नोंद केली: पाक्तोच्या खालचा ओढा, ग्वाय्याबांबाची दक्षिण बाजू, रात्री 9 वाजून 40 मिनिटे, पानाची खालची बाजू, पाण्यापासून सुमारे दोन मीटर उंच, एक नर, अंड्यांजवळ, हाक देत.