मावशीची केस आणि ते डॉक्टर

मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती ऐरोलीला आणि मी इकडे ठाण्यात नौपाड्यात. दुर्बिणीतून करायचं, दोन दिवसात घरी, असं सांगितलेलं. सहाव्या दिवशी डोळे पिवळेधम्मक, पोट फुगलेलं, ताप, आणि शेवटी आम्हीच तिला अ‍ॅम्ब्युलन्समधून दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं, तिथे कळलं की पित्तनलिकेला इजा झालीये आणि पित्त पोटात साठतंय. पुढचा दीड महिना आठवला की अजून पोटात गोळा येतो. वाचली ती. पहिल्या हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण केस चालू आहे.

मावसभाऊ म्हणत होता पोलिसात जाऊ, डॉक्टरला आत टाकू. वकीलबाईंनी त्याला शांतपणे समजावलं की 2005 च्या जेकब मॅथ्यू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय, डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायचा तर नुसती चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांनीही आधी त्याच शाखेच्या, शक्यतो सरकारी नोकरीतल्या डॉक्टरचं मत घ्यायचं. म्हणून मग ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे 1995 पासून ठरलेलं आहे.

पहिलं काम म्हणजे केस पेपर. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, अर्ज दिल्यापासून 72 तासात रेकॉर्ड द्यायचा नियम आहे. आम्हाला चार खेपा पडल्या, पण मिळाली फाइल.

दुसरं काम तज्ज्ञ शोधायचं, आणि इथे आमचे पाच महिने गेले. ओळखीतून मी आठ-नऊ सर्जनना भेटलो असेन, ठाण्यात, वाशीत, मुलुंडला, फाइल चाळून दोघातिघांनी तोंडावर सांगितलं की हे बरोबर झालेलं नाही, पण लिहून द्या म्हटलं की सगळे गप्प. एकाच शहरात प्रॅक्टिस, एकमेकांकडे पेशंट पाठवायचे, त्यांची अडचण मला कळते. पण तोंडी सांगितलेल्याचा आयोगापुढे काय उपयोग? मला तेव्हा फार राग यायचा, आजही येतो.

प्रत्येक केसला तज्ज्ञ लागतोच असं मात्र नाही हं. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात 1963 साली एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली, तिथे टॉवेलच सगळं सांगतो. 2010 च्या व्ही. किशन राव केसमध्येही सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सरसकट तज्ज्ञाचं मत मागू नका, जिथे गुंतागुंत आहे तिथेच घ्या. पण आमच्याकडे टॉवेल नव्हता. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नलिकेला इजा होऊ शकते, हे पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि समोरचे वकील पहिलं तेच म्हणणार होते.

शेवटी एक रिटायर्ड सर्जन भेटले, साताऱ्याकडचे, मुलीकडे वाशीला आलेले. मी फाइल घेऊन गेलो. चहा थंड झाला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही, पेन्सिल घेऊन एकेक पान बघत होते, आणि गंमत म्हणजे सर्जनच्या नोट्सवर फारसे थांबलेच नाहीत, सिस्टरनी भरलेल्या चार्टवर थांबले. तिसऱ्या दिवशी ड्रेनमध्ये, म्हणजे ऑपरेशननंतर पोटातलं पाणी बाहेर यायला ठेवतात त्या नळीत, 350 मिली, पुढे लिहिलेलं ‘हिरवट’. चौथ्या दिवशी 400. पाचव्या दिवशी 420. त्यांनी तिन्ही आकड्यांखाली रेघ ओढली आणि मला विचारलं, "या तीन दिवसात सोनोग्राफी कुठेय?" नव्हतीच.

मग ते जे बोलले ते मला तेव्हा अजिबात आवडलं नव्हतं. "नलिका कापली गेली याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. चांगल्या हातूनही होतं. ते तुमच्या तक्रारीतून काढा. अशा ऑपरेशननंतर ड्रेनमधून तीन दिवस पित्त येतंय आणि कोणी बघत नाही, हे मात्र साधारण सर्जनने करायला नको होतं, एवढंच मी लिहीन." मी म्हटलं सर, पण तुम्ही आमच्या बाजूने आहात ना? तर म्हणाले, "मी फाइलच्या बाजूने आहे."

वकीलबाई मात्र खूश झाल्या. कायद्याची कसोटी तशीच आहे, 1957 च्या इंग्लंडमधल्या बोलम केसपासून आलेली: त्या शाखेचा साधारण कुशल डॉक्टर अशा वेळी काय करेल. सगळ्यात हुशार डॉक्टर काय करेल, हा प्रश्नच नसतो. आयोगावर बसलेल्यांना ड्रेनमधलं 400 मिली म्हणजे काय हे कसं कळणार, ते कोणीतरी समजेल अशा भाषेत सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्याने सगळंच चूक म्हटलं तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार. आम्ही तक्रारीतले निम्मे मुद्दे काढले. मावसभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

सरांनी अ‍ॅफिडेव्हिट केलं. ग्राहक आयोगात उलटतपासणी बऱ्याचदा लेखी प्रश्नांनी होते, तशी सरांना 22 प्रश्नांची यादी आली. बरेचसे त्यांच्या वयावर, त्यांनी ऑपरेशन करणं कधी थांबवलं यावर. सतरावा होता, तुमच्या हातून कधी पित्तनलिकेला इजा झाली आहे काय?

वकीलबाई म्हणाल्या, या प्रश्नाला हरकत घेऊ. सर नको म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं, ते टाइप करायला मीच घेऊन गेलो म्हणून मला पाठ आहे: "होय, दोन वेळा. दोन्ही वेळा ड्रेनमध्ये पित्त दिसल्यावर त्याच दिवशी सोनोग्राफी केली, नातेवाइकांना सांगितलं आणि पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. दोघेही बरे झाले."

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. मावशी म्हणतेय मी पण येणार, मला त्या साताऱ्याच्या डॉक्टरांना भेटायचंय.