आओशिमाची १/२४ सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय : बॉडी, निळा रंग आणि पॉलिश

आओशिमा या जपानी कंपनीच्या १/२४ प्रमाणातील सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय (मॉडेल कोड व्हीएबी, २०१४) या प्लॅस्टिक मॉडेल किटची बॉडी रंगून झाली असून ती आता पॉलिशच्या टप्प्यावर आहे. चॅसी आणि अंतर्भागाचे काम सोबत चालू आहे, पण बॉनेट बंदच ठेवणार असल्याने ईजे २० इंजिनासाठी वेगळी मेहनत घेतलेली नाही आणि या नोंदीचा भर बॉडीवरच आहे. मूळ गाडीची लांबी ४,५९५ मिमी व व्हीलबेस २,६५० मिमी, म्हणजे आपल्या प्रमाणात अनुक्रमे सुमारे १९१ आणि ११० मिमी. २४५/४० आर १८ हा टायर २७ मिमी व्यासाचा येतो. गाडीची उंची ठरवताना हे आकडे हाताशी असलेले बरे, कारण चाक कमानीत किती खाली बसते यावरच पुढे गाडीचा सगळा तोरा अवलंबून असतो.

सेडान हा प्रकार स्पोर्ट्स कारपेक्षा सोपा आहे असे अनेक जण मानतात. माझे मत नेमके उलटे आहे. स्पोर्ट्स कारमध्ये वळणे आणि फुगवटे इतके असतात की बारीकसारीक उणिवा त्यांत खपून जातात. सेडानच्या लांब, सपाट दरवाजांवर मात्र काहीच लपत नाही. त्यामुळे साच्याच्या रेघा ८०० नंबरच्या वॉटर पेपरने काढून झाल्यावर प्रायमरचा एक पातळ हात मारला आणि तो थोडा चकाकेल इतका घासून बॉडी ट्यूबलाइटखाली धरली. बॉडी हळूहळू फिरवली की प्रकाशाची पट्टी हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत सरकत जाते, आणि जिथे ती किंचित लचकते तिथे पृष्ठभागात खळगा किंवा उंचवटा आहे असे खुशाल समजावे. मागच्या दरवाजाच्या कमानीजवळ अशी एक लचक दिसली. बोटाला ती जाणवतसुद्धा नव्हती, पण निळ्या रंगावर तीच सर्वांत आधी डोळ्यांत भरली असती.

चार दरवाजे म्हणजे पॅनेल लाइन, अर्थात पत्र्यांमधल्या फटींच्या रेषाही तितक्याच जास्त. खऱ्या गाडीतील ४ मिमीची फट १/२४ ला जेमतेम ०.१७ मिमी उरते, आणि प्रायमर, रंग, पर्ल (मोत्यासारखी झळाळी देणारी पूड) व क्लिअर (सर्वांत वरचा पारदर्शक थर) असे थर चढले की ती सहज बुजते. म्हणून सगळ्या रेषा प्रायमरच्या आधीच स्क्रायबरने, म्हणजे रेषा कोरायच्या टोकदार हत्याराने, खोल करून घेतल्या. येथे जोर लावून एकदाच ओढण्यापेक्षा हलक्या हाताने पुन्हा पुन्हा फिरवणे चांगले. बाजूला जाड टेपची कड लावली की स्क्रायबर घसरत नाही.

डब्ल्यूआर ब्लू पर्ल हा रंग सुबारूच्या रॅली परंपरेतून आलेला. कॉलिन मॅकरे (१९९५), रिचर्ड बर्न्स (२००१) आणि पेटर सोल्बर्ग (२००३) यांनी जागतिक रॅली विजेतेपद मिळवले ते सुबारूच्या निळ्या इम्प्रेझा गाड्यांमध्येच. हा निळा रंग करड्या प्रायमरवर मलूल दिसतो, त्यामुळे आधी पांढरा थर दिला, त्यावर घट्ट निळा आणि शेवटी क्लिअरमध्ये मिसळलेला अगदी बारीक पर्ल. पर्लच्या बाबतीत हात आखडताच घ्यावा, कारण ०.०२ मिमीचा कण खऱ्या गाडीच्या मापात जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा ठरतो आणि मग गाडीवर चमकी उधळल्यासारखी वाटते.

पावसाळ्यात लॅकर, म्हणजे थिनरवर आधारित झटपट वाळणारा रंग, मारायचा म्हणजे खरी कसोटी असते. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. मंद गतीने वाळणारा लेव्हलिंग थिनर, कॉम्प्रेसरला जोडलेला पाणी अडवणारा फिल्टर आणि रंगाच्या दोन हातांमध्ये भरपूर वेळ, एवढे सांभाळले की बहुतेक वेळा निभावते. तरीही झाक आलीच, तर त्याच थिनरचा अगदी हलका फवारा बहुधा ती घालवतो.

क्लिअरसाठी मी डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात तोच हार्डनर मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर घेतला. छंदाचे लॅकर ज्वालाग्राही असल्याने विमानाने येत नाहीत आणि दुकानात कधी मिळतील याचा भरवसा नसतो. पीयू क्लिअर मात्र गाड्यांच्या रंगांच्या दुकानात केव्हाही मिळतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वसनाला घातक रसायन असते, त्यामुळे साधा कापडी मास्क येथे कामाचा नाही. योग्य काडतुसांचा रेस्पिरेटर आणि खेळती हवा यांविना हा प्रकार कोणी घरात करू नये. पहिले हात कोरडे आणि धुक्यासारखे द्यावेत, कारण एकदम ओला थर बसला तर खालचा लॅकर सुरकुततो.

क्लिअर पूर्ण कडक झाल्यावर २००० व नंतर ३००० नंबरच्या वॉटर पेपरने ओले रबिंग केले असून आता कंपाउंडने (चकाकी आणणाऱ्या पेस्टने) घासणे चालू आहे. बॉनेटवरील स्कूपच्या (हवा आत घेणाऱ्या उंचवट्याच्या) कडा, दरवाजांच्या वरची धार आणि पॅनेल लाइनच्या काठांवर टेप लावूनच घासतो, कारण कोपऱ्यांवर रंगाचा थर नेहमीच सर्वांत पातळ असतो. छत आणि डिकी झाली. डावी बाजू अर्धी बाकी आहे.

यानंतर काचांची पाळी. त्यांच्या कडेचा काळा पट्टा आतल्या बाजूने रंगवायचा आहे, म्हणजे बाहेरून तो खऱ्या काचेसारखा गुळगुळीत दिसेल. दोन दरवाजांमधल्या खांबालाही चकचकीत काळा रंग द्यायचा आहे. काचा बसवताना सुपरग्लू वापरणार नाही, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक धुरकट होते. पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद पुरेसा आहे. टेललाइटचा पारदर्शक लाल आणि ग्रिलवरील एसटीआयचे चेरी रंगाचे बोधचिन्ह त्यानंतर करीन.