माझे आजोबा, रास्ता पेठेतले सुभेदारसाहेब

माझ्या आजोबांना रास्ता पेठेत नावाने हाक मारणारी माणसे फार थोडी होती. दूधवाल्यापासून चौकीतल्या हवालदारापर्यंत सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणत. २०१८ साली, वयाच्या ८७व्या वर्षी ते गेले. त्यांच्याविषयी लिहिण्याचे तेव्हापासून मनात आहे, आणि हा विषय घरात निघाला की प्रत्येक जण सांगतो, "एकाहत्तरच्या लढाईचं लिही." लढाईविषयी लिहीनच, परंतु माझ्या मते त्यांची मोठी कामगिरी निवृत्तीनंतरच्या ४० वर्षांतली आहे, आणि ज्यांच्यासाठी त्यांनी ती केली त्यांच्यापैकी बहुतेकांना हे लढाईत होते याची कल्पनाही नव्हती.

आजोबांचा जन्म १९३१ सालचा, अलिबागच्या इस्रायल आळीतला. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांतली सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आमचा समाज वाढला, अशी आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे. कोकणात आमचे लोक घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू विसरली गेली, धर्मग्रंथ हाताशी उरले नाहीत, तरी शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता आणि 'शेमा' ही एक प्रार्थना एवढे आम्ही सोडले नाही. बाकी सगळे मराठी. गावावरून पडलेली 'कर' लावणारी आडनावे मराठी, कीर्तने मराठी, सणांची नावेसुद्धा मराठी. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, माझी आजी अखेरपर्यंत 'दारफाळणीचा सण' म्हणत असे आणि जेरुसलेमचे मंदिर पाडले गेल्याच्या शोकाच्या, तिशा बेआवच्या उपवासाला 'बिरड्याचा रोजा', कारण तो उपवास वालाचे बिरडे खाऊन सोडायचा. "तुम्ही मूळचे कुठले?" असा प्रश्न आजोबांना पुण्यात आयुष्यभर विचारला गेला आणि त्यांनी दर वेळी न रागावता "अलिबागचे" असे एका शब्दात उत्तर दिले.

१९५० साली ते खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलात, भरती झाले. त्या काळी तिथल्या प्रत्येक रंगरुटाला रामा राघोबा राणे यांची हकिकत तोंडपाठ असे. १९४८च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर शत्रूच्या गोळीबारात राण्यांनी सुरुंग काढले, वाटेतले अडथळे हटवले आणि रणगाड्यांना पुढे जाऊ दिले. त्यासाठी त्यांना परमवीरचक्र मिळाले. आजोबा सांगत की शिपायाचे काम लढण्याचे आहे हे त्यांना ठाऊकच होते, पण दुसऱ्यांना जाता यावे म्हणून वाट करून देणे हेही शिपायाचेच काम आहे, हे खडकीत समजले. लंगरात ते पूर्ण नोकरीभर शाकाहारी जेवले. कोशेर, म्हणजे आमच्या धर्माच्या नियमांप्रमाणे कापलेले, मांस पलटणीत मिळणे शक्यच नव्हते आणि त्याबद्दल कोणाकडे तक्रार करावी असे त्यांना कधी वाटले नाही. शनिवार पाळणेही नोकरीत जमत नसे. जिथे असतील तिथे शुक्रवारी सूर्य मावळताना, म्हणजे आमचा शनिवार लागताना, उभे राहून ते शेमा म्हणत.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, तेव्हा ते खडकीतच होते. पुराच्या आठवणी पुण्यातल्या प्रत्येक जुन्या घरात आहेत. आजोबांच्या आठवणी मात्र पुरानंतरच्या. खडकवासल्याचे पाणी वाहून गेल्यामुळे ज्या शहरात आदल्या दिवशी महापूर होता, त्याच शहराला प्यायला पाणी राहिले नाही. वाड्यांतल्या आणि पेठांतल्या कित्येक वर्षे न वापरलेल्या विहिरी उपसून त्या वापरण्याजोग्या करायच्या होत्या, आणि त्या कामावर त्यांची तुकडी होती. चिखलाने भरलेल्या विहिरीत दोर बांधून उतरायचे, वर गाळाच्या बादल्या पाठवायच्या, आणि काठावर हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका "आलं का हो पाणी?" असे विचारत राहायच्या. हा प्रश्न ते इतक्या हुबेहूब स्वरात सांगत की मी तो प्रत्यक्ष ऐकला आहे असेच मला वाटते.

त्याच सुमारास त्यांचे धाकटे भाऊ बीरशेबाला स्थायिक झाले होते. १९४८नंतर आमच्या समाजातली बहुसंख्य कुटुंबे टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेली. तिथे गेल्यावर काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बेने इस्रायलींच्या वंशाविषयी शंका काढून विवाहांना आडकाठी केली; आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ साली तिथल्या सरकारने बेने इस्रायली हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे जाहीर केले, तेव्हा तो वाद मिटला. भावाची त्या काळातली पत्रे आजोबांनी जपून ठेवली होती. दुःखाने आणि संतापाने भरलेली ती पत्रे शुद्ध अलिबागी मराठीत आहेत. त्यांना उत्तर देताना आजोबांनी काय लिहिले असेल ते आता कळणे शक्य नाही, परंतु "परत ये" असे त्यांनी लिहिले नाही आणि भावाने "तुम्ही या" असे लिहिल्यावर ते गेलेही नाहीत, एवढे नक्की.

आता एकाहत्तरबद्दल. आजोबा तेव्हा पश्चिम सीमेवर सुरुंग काढण्याच्या कामावर होते. ते काम कसे करतात हे त्यांनी मला एकदाच, घरातल्या सतरंजीवर, दाखवले. रात्रीच्या काळोखात पोटावर पडायचे, हातभर लांबीच्या सळईने समोरची जमीन तिरकी टोचत जायची. सरळ वरून टोचले तर सुरुंगावर दाब पडतो. सळई कशाला अडली की थांबायचे, बोटांनी माती हळूहळू बाजूला करायची, सुरुंगाची कड लागली की तो मोकळा करून निकामी करायचा आणि पुन्हा पुढची वीतभर जमीन. मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी अंथरत जायची, म्हणजे मागून येणाऱ्यांना कुठून जायचे ते दिसते. त्यांच्या शेजारच्या वाटेवर काम करणारा, साताऱ्याकडचा एक जवान त्या रात्री गेला. त्याच्याविषयी ते यापेक्षा जास्त कधी बोलले नाहीत, मात्र त्याच्या पत्नीला दर वर्षी दिवाळीआधी त्यांची मनीऑर्डर जात असे, हे आम्हाला त्यांच्या पश्चात पावत्या सापडल्या तेव्हा समजले. ढाक्यातल्या शरणागतीच्या वाटाघाटींत ज्यांचा मोठा वाटा होता ते जनरल जेकब आमच्याच धर्माचे, याचा घरात सर्वांना अभिमान. त्यांचे वर्तमानपत्रातले एक कात्रण आजोबांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते. तरीही कोणी जेकबसाहेबांचा विषय काढला की ते आधी त्या सातारच्या जवानाच्या गावाचे नाव घेत.

ते सुखरूप परतले तर मलिदा करीन, असा नवस आजीने बोलला होता. तो फेडायला सारे कुटुंब अलिबागजवळच्या खंडाळ्याला गेले, जिथे प्रेषित एलियाहू हनाबीच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत अशी आमची श्रद्धा आहे. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, गूळ, वेलची आणि जायफळ घालून ताटात त्याची रास करायची, भोवती फळे मांडायची, गुलाबाच्या पाकळ्या पसरायच्या, आणि एलियाहूची स्तुती गाऊन सर्वांनी तो प्रसाद घ्यायचा. माझ्या वडिलांना तो दिवस आठवतो तो आजोबा फळांची साले स्वतः काढून मुलांना देत होते म्हणून. त्याआधी त्यांनी आपल्या वडिलांना इतका वेळ घरच्यांत पाहिलेच नव्हते.

१९७८ साली ते निवृत्त झाले, एका कारखान्यात सुरक्षा विभागात नोकरी धरली, आणि राहिलेला सगळा वेळ समाजाला दिला. पुण्यात ज्यूंची दोन प्रार्थनास्थळे आहेत. कॅम्पातले लाल देऊळ पुणेकरांना ठाऊक असते. ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले आणि १८६७ साली पूर्ण झालेले, उंच मनोऱ्याचे, लाल विटांचे ओहेल डेव्हिड. रास्ता पेठेतले १९२१ सालचे सुक्कथ शेलोमो मात्र शेजारून जाणाऱ्यालाही पटकन लक्षात येत नाही, आणि आम्हा बेने इस्रायलींचे घरचे सिनॅगॉग तेच. सामुदायिक प्रार्थनेसाठी, तोरा हा धर्मग्रंथ उघडून वाचण्यासाठी आणि मृताच्या नावे कद्दीश ही प्रार्थना म्हणण्यासाठी १३ वर्षांवरचे किमान १० पुरुष हजर असावे लागतात. यालाच मिन्यान म्हणतात. ज्या समाजातली कुटुंबामागून कुटुंबे परदेशी निघून चालली आहेत, त्या समाजात हे १० जण जमवणे किती अवघड होत जाते, याची कल्पना बाहेरच्यांना येणे कठीण आहे. आजोबा शुक्रवारी सकाळी सायकल काढत आणि रास्ता पेठ, कॅम्प, खडकी असे फिरत; कोण गावाला गेले आहे, कोणाचे गुडघे दुखत आहेत, कोणाला रिक्षा पाठवावी लागेल याचा हिशेब दुपारपर्यंत पूर्ण होई. कोणाच्या वडिलांचा स्मृतिदिन असेल आणि नऊच जण जमले असतील, तर त्या मुलाला कद्दीश न म्हणता परत जावे लागते. असे कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी ते ऐंशी ओलांडल्यावरही फिरत राहिले. सायकल सुटली तेव्हा फोनवरून.

मी मुलगी असल्यामुळे त्या दहांत माझी गणना होत नसे. लहानपणी मला त्याचे वाईट वाटे, आणि मी ते बोलून दाखवल्यावर आजोबांनी धर्मशास्त्र समजावत न बसता मला आपल्या दुसऱ्या कामांत ओढून घेतले.

त्यांतले एक काम नोव्हेंबरचे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. पेठेतल्या माजी सैनिकांच्या विधवांची यादी आजोबांकडे असे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू अशा सगळ्या जणी तिच्यात होत्या. त्यांना बँकेत न्यायचे, अर्ज भरायचा, सही न येणारीचा अंगठा घ्यायचा. पुढे यंत्रावर बोट ठेवण्याची पद्धत आली तेव्हा आयुष्यभर धुणी-भांडी करून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या, त्यांची नोंदच यंत्र घेईना. एका बँकेत अशा एका आजींना "तुमची ओळख पटत नाही" असे सांगून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी आजोबा छातीवर पदके लावून, त्या आजींना घेऊन त्याच खिडकीसमोर उभे राहिले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "ह्या जिवंत आहेत, हे मी सांगतो. कागदावर कसं घ्यायचं ते तुम्ही सांगा." कागदी दाखला त्याच दिवशी स्वीकारला गेला. पदके त्यांनी समारंभाखेरीज लावलेली मी तेवढ्याच वेळी पाहिली.

मुंबईत २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात कुलाब्याच्या छाबाड हाउस या ज्यू केंद्रात माणसे मारली गेली, नंतर फेब्रुवारी २०१०मध्ये इथे कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, आणि सिनॅगॉगच्या ज्या दारातून आम्ही मोकळेपणाने येत-जात होतो तिथे पोलिसांचा पहारा आला. समाजातल्या काहींना त्याचे दडपण आले. आजोबांनी पहाऱ्यावरच्या पोलिसांना बसायला खुर्च्या आणि पावसाळ्यात डोक्यावर पत्रा मिळवून दिला आणि सणाच्या दिवशी चिकाचा हलवा पहिल्यांदा त्यांच्याकडे जाईल अशी व्यवस्था लावली. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला ती बातमी वाचून त्यांनी पहिला फोन केला तो ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुले आहेत त्यांना, अर्ज कधी निघतात यावर लक्ष ठेवा म्हणून.

दुसरे काम दफनभूमीचे. इस्रायल, इंग्लंड, कॅनडा इथून पत्रे येत: आईची कबर कशा अवस्थेत आहे, एक फोटो पाठवता येईल का, दगड खचला असेल तर काय खर्च येईल. आजोबांनी त्यासाठी एक वही घातली. ओळ, ओळीतला क्रमांक, दगडावरचा मराठी आणि हिब्रू मजकूर, मृत्यूची तारीख, परदेशातल्या नातलगांचा पत्ता, शेवटची डागडुजी केव्हा झाली. दगडावरची अक्षरे पुसट झाली असतील तर ते त्यावर ओला खडू फिरवत, मग फडक्याने वरवर पुसत, म्हणजे खोदलेल्या अक्षरांत खडू राहतो आणि नाव वाचता येते. मी दहावीत असल्यापासून वहीतले हिब्रू मी लिहीत असे, कारण त्यांचा हात थरथरू लागला होता. कोणी गेले की स्नान घालण्यापासून पांढऱ्या कफनापर्यंतची सगळी कामे ते स्वतः उभे राहून करवून घेत, आणि घरी आल्यावर हातपाय धुऊन त्याच दिवशी नोंद करत.

ते स्वतः एका शुक्रवारी पहाटे गेले. सूर्य मावळून शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, सुरू होण्याच्या आत दफन व्हायला हवे होते. मिन्यानसाठी त्या दिवशी कोणाला फोन करावा लागला नाही. खडकीहून म्हातारे सॅपर्स आले, पेठेतल्या गणेश मंडळाच्या मुलांनी रस्त्यावरची वाहने हलवून गाडीला वाट करून दिली, आणि नोव्हेंबरच्या यादीतल्या ज्यांना चालवत होते त्या साऱ्या जणी जिन्याखाली उभ्या होत्या.

वही आता माझ्याकडे आहे. तिच्यातल्या मागच्या दोन ओळींतल्या, १९५०च्या आधीच्या बऱ्याच कबरींपुढे नातलगांचा रकाना कोरा आहे. पावसाळ्यात तिथे कमरेएवढे गवत माजते. दिवाळीनंतर ते वाळले की मंडळातली मुले आणि आम्ही ते कापतो, आणि तेव्हाच दगड वाचता येतात. ज्यांचे आजी-आजोबा, पणजी-पणजोबा पुण्यात निवर्तले असतील त्यांनी नावे आणि अंदाजे साल कळवावे. आणि यंदा ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी सातला रास्ता पेठेतल्या सिनॅगॉगपाशी जमावे. कोयते आमच्याकडे आहेत, खडू आणि जुनी फडकी तेवढी घेऊन या.