बिजागरीतली ओबीटी

आमचा मूळ धंदा अॅक्रिलिकचा. दुकानांच्या पाट्या, ट्रॉफ्या, आणि आषाढ-श्रावणात गणपतीची मखरं. त्यात कोळ्यांचे बॉक्स कधी शिरले, हे भागीदाराला अजून पचलेलं नाही. मी स्वतः टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळतो, त्यामुळे बॉक्स पोचवायला गेलो की "दादा, शिफ्टिंगपण करून द्या ना" हे ठरलेलं. शिफ्टिंग म्हणजे कोळी जुन्या डब्यातून नव्या बॉक्समध्ये हलवणं. कोथरूडच्या त्या मुलाकडेही तसंच झालं.

त्याच्याकडे होती ओबीटी, म्हणजे ऑरेंज बबून टॅरंटुला, पूर्ण वाढलेली मादी. शास्त्रीय नाव टेरिनोकायलस म्युरिनस, मूळची आफ्रिकेची, 1897 मध्ये पोकॉकने नोंदवलेली. अमेरिका खंडातले बरेच टॅरंटुला चिडले की पोटावरचे खाजरे केस उडवतात. आफ्रिकेतल्यांकडे ते हत्यार नाही, म्हणून ते पळतात, नाहीतर चावतात. हिच्या दंशाने माणूस मरत नाही, पण ठणका आणि स्नायूंत येणारे गोळे भरपूर पुरतात. वेग असा की धावताना दिसतच नाही. आत्ता इथे होती, आता तिथे आहे, एवढंच कळतं. दम मात्र नाही. कोळ्याच्या पायांच्या मोठ्या सांध्यांत पाय लांब करणारे स्नायूच नसतात. अंगातला द्रव दाबाने पायांत ढकलून तो ते ताठ करतो. अशी धाव फार लांबत नाही, थांबावंच लागतं. शिफ्टिंग करणाऱ्याची सगळी भिस्त त्या थांबण्यावर.

आता बॉक्सबद्दल. पोराला शेल्फवर ठेवायला, चारी बाजूंनी आरपार दिसणारा हवा होता. कास्ट शीट घेतली, चार मिलिमीटरची. कडा घासून पॉलिश केल्या. सांध्यांत सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडायचा, तो आपोआप कडेने धावतो आणि दोन्ही पत्रे विरघळवून एकजीव करतो. हात थरथरला की पांढरा डाग पडतो तो कायमचा. हे काम माझ्या हातचं आहे, भागीदारालाही मी ते करू देत नाही. नंतर बॉक्स उघडा ठेवून वास पूर्ण उडू द्यावा लागतो, आणि गिऱ्हाइकाला नेमकं तेवढंच थांबवत नाही. हवेसाठी समोरासमोरच्या भिंतींना दोन मिलिमीटरची भोकं, एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर. झाकणाला तारेची जाळी मी लावत नाही, कोणी कितीही मागितली तरी. कोळ्याच्या पायाच्या टोकाची नखी तिच्यात अडकते आणि प्राणी रात्रभर लटकत राहतो. माती ते झाकण हे अंतरही जास्त नको. उंचावरून पडला तर पोट फुटतं. बाजारात मिळणाऱ्या देखण्या काचपेट्या करणाऱ्यांनी आयुष्यात कोळी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

(घाटातल्या झाडाच्या ढोलीतून काढून आणलेला पोसिलोथेरिया, म्हणजे झाडावर राहणारा टॅरंटुला, घेऊन कोणी आलं, तर मी मापसुद्धा घेत नाही. त्याच्या सगळ्या जाती 2019 पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. पण ते यादीत नसते तरी नाहीच म्हणालो असतो.)

शिफ्टिंग बाथरूममध्ये करायचं, कारण लपायला जागा कमी. बादली, मग, चपला बाहेर. मोरीच्या जाळीवर ताटली, एक्झॉस्टच्या भोकाला कागद आणि चिकटपट्टी, कमोडचं झाकण बंद, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल. जुना डबा एका मोठ्या पारदर्शक टबात ठेवला, शेजारी नवा बॉक्स. दोन लिटरच्या बाटलीचा तळ कापून तिला बाहेरून काळा कागद गुंडाळला. ही बाटली कोळ्याने विणलेल्या जाळ्याच्या बोगद्याच्या तोंडाला लावायची आणि मागून मऊ ब्रशने मागच्या पायांना हलकेच टोचायचं. कोळी उजेडातून अंधाराकडे जातो. त्याला वाटतं बोगदा पुढेही आहे. त्यात शौर्य काही नाही. चिमट्याने उचलणारे आणि ते व्हिडिओत दाखवणारे लोक वेगळे.

सगळं नीट चाललं होतं. ती बाटलीच्या तोंडाशी आली, पुढचे दोन पाय आत टाकले. आणि पोराच्या मावसभावाने मोबाइल पुढे धरून दार उघडलं. टॉवेल सरकला, वाऱ्याचा झोत आत आला. कोळ्याला दिसतं कमी, पण पायांवरच्या केसांना हवेची हालचाल लगेच कळते. बाटलीच्या बाहेरून, टबाच्या काठावरून, फरशीवरून ती सरळ दारावर चढली. पीव्हीसीचं गुळगुळीत दार, त्यावरून वर, कडेवरून पलीकडे, आणि बिजागरीच्या बाजूच्या फटीत गडप. केशरी पायांची फक्त टोकं दिसत होती.

दार अर्धं उघडं. लोटलं तर ती चिरडणार. मावसभावाला म्हटलं, "आता हँडल धरूनच उभा राहा. शिंक आली तरी गिळ." त्याने खरंच गिळली असावी. बाहेर हॉलमध्ये आई पाय वर घेऊन दिवाणावर बसलेल्या. वडील बँकेत जायच्या घाईत होते. आधी "अहो, अजून किती वेळ?" आणि मग पोराला, "भाडं भरतो का रे तो तुझा कोळी? आंघोळीला जागा आम्ही शोधायची!" पोरगा बिचारा "बाबा, ती आहे, तो नाही" एवढंच म्हणाला. त्याने परिस्थिती सुधारली नाही.

मी काहीच केलं नाही. लोकांना हे सहन होत नाही. मावसभाऊ फुंकर मारू का विचारत होता, आई झाडू पुढे करत होत्या. पायांची टोकं आत ओढली गेली, अंग फटीत बसलं, तेव्हा कळलं की तिने आता मुक्काम ठोकला. मग बाटलीवरचा काळा कागद काढून त्याची सुरळी केली, फटीच्या वरच्या तोंडाला लावली, आणि खालची वाट ओल्या स्पंजने बंद केली. खालून ब्रश. पहिल्यांदा तिने ब्रशच चावला, केसांवर विषाचा थेंब राहिला. दुसऱ्यांदा एक पाय सरकला. मग एकेक पाय पुढे टाकत, लग्नाच्या पंगतीत जागा बघत जाणाऱ्या आजीबाईंच्या चालीने, ती कागदाच्या सुरळीत शिरली. सुरळीची दोन्ही तोंडं बोटांनी दाबून, आहे तशी नव्या बॉक्समध्ये ठेवली, तोंडं मोकळी केली आणि झाकण बंद. झटकून काढायचं नसतं. आईंनी चहा दिला, पण कप हातात न देता टेबलावर ठेवून त्या मागे सरकल्या.

माझं डोकं अडकलंय ते वेगळ्याच ठिकाणी. त्या दाराच्या पलीकडे अख्खा हॉल मोकळा होता. सगळ्यांना भीती हीच की ती हॉलमध्ये पळेल, सोफ्याखाली जाईल, मग घर सोडावं लागेल. तिने हॉलकडे वळूनही पाहिलं नाही. जवळात जवळ जी जागा दोन्ही बाजूंनी अंगाला लागेल, ती तिने धरली. आणि मी जी वस्तू पॉलिश करून आणली होती तिच्यात तशी जागा एकही नव्हती. होता तो एक नारळाच्या करवंटीचा तुकडा, तोही फोटोत बरा दिसावा म्हणून. बॉक्स मागितल्याप्रमाणे होता, सांधे निर्दोष होते, भोकं योग्य होती. पण ज्याच्यासाठी मागितला होता तो बघणारा होता, राहणारी नव्हे.

भागीदाराचं म्हणणं, गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, कोळी काही गूगलवर रिव्ह्यू लिहीत नाही. मुद्दा चुकीचा नाही. तरी पुढच्या ऑर्डरपासून मागची आणि एक बाजूची भिंत काळ्या शीटची केली, मातीला जास्त खोली दिली, आणि कोपऱ्यात सालीचा तुकडा तिरका बसेल अशी खाच ठेवली. किंमत तीच. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "दिसणार कसा मग?"

कोथरूडचा पोरगा म्हणतो, ती अजून त्या कागदाच्या सुरळीतच आहे, दोन्ही तोंडं जाळ्याने विणून घेतलीत. कागद काढू का, आणि वरून एलईडीची पट्टी बसवून द्याल का, असं विचारलंय त्याने. कागद राहू दे म्हणालो. पट्टी आमच्याकडे मिळते, ती मी त्याला विकणार नाही, हे भागीदाराला अजून सांगायचंय.