तुम्ही विचारलंत म्हणून: डोळे धड असून अंधांची पुस्तकं का ऐकलीस?

कोर्टाच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, अशिलाच्या घरी, कुठेही हा प्रश्न येतो. बारावी आणि पुढे एलएलबी मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी रेकॉर्ड केलेल्या पुस्तकांवर केली हे कुणीतरी सांगितलेलं असतं. मग समोरचा माझ्या डोळ्यांत निरखून बघतो. "पण तुमचे डोळे तर चांगले आहेत!" आहेत. चष्मासुद्धा नाही. रात्री हायवेवर गाडी चालवतो.

डिस्लेक्सिया काय असतो ते सांगत बसत नाही, 'तारे जमीन पर' तुम्ही पाहिलेला आहे. फक्त दोन गोष्टी. मला चित्रं काढता येत नाहीत. आणि अक्षरं नाचतबिचत नाहीत, निदान माझी कधी नाचली नाहीत. ती जागच्या जागी उभी असतात, स्वच्छ दिसतात, पण ओळख देत नाहीत. 'घ' आहे की 'ध', 'भ' आहे की 'म', हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागतं. ठरवून पुढे जाईपर्यंत वाक्याची सुरुवात काय होती ते हातातून गेलेलं असतं. त्यात 'विद्यार्थ्यांनी' आला की संपलंच. जोडाक्षर, रफार, पुन्हा जोडाक्षर, वर अनुस्वार. विद्यार्थ्यांसाठीच्या प्रत्येक सूचनेत हाच शब्द पहिला असतो, ही गंमत सरकारच्या लक्षात आलेली नाही.

आकड्यांचंही तेच. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी बोलायचा आणि लिहिताना चार आधी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने त्यावर विनोद केले. मराठी बुडाली म्हणून अग्रलेख आले. मी त्या विनोदांना हसलो नाही, एवढंच नोंदवतो.

आता सवलतींबद्दल, कारण पुढचा टोमणा तोच असतो. होय, घेतल्या. दहावीला जादा वेळ घेतला. तिसरी भाषा सोडली. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित आणि सोबत कार्यानुभवाचा एक विषय घेतला. बोर्डाने दिलेले पर्याय होते, चोरून काही केलं नाही. एलडीची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेची, खोटी सर्टिफिकेटं काढून मार्क लाटणारे तेव्हाही होते, आजही असतील. त्यांचा हिशेब माझ्याकडे मागू नका. सातवीचं अंकगणित घेतलं की सायन्सचं दार बंद होतं, हे मात्र टोमणा मारणाऱ्यांना कधीच माहीत नसतं. मला सायन्स हवं होतं की नाही हेही कुणी विचारत नाही.

ऐकायला सुरुवात आईमुळे झाली. नववीत ती रात्री भांडी आवरून टेपरेकॉर्डरसमोर बसायची आणि इतिहास वाचायची. कॅसेटमध्ये कुकरची शिट्टी आहे, शेजारच्यांची बेल आहे, आणि शेवटच्या पाच मिनिटांत आईला झोप लागत असल्याचं स्पष्ट कळतं. तरी त्या वर्षी इतिहासात मी पहिल्यांदा पास झालो, आणि घरात सगळ्यांच्या लक्षात आलं की पोराला इतिहास येतो. आधीही येत होता. पुस्तकातून आत येत नव्हता.

अकरावी कॉमर्सला आईचा आवाज पुरेना. आमच्या ओळखीच्या एक काकू मुंबईतल्या एका संस्थेत दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं वाचायला जायच्या. त्यांच्या शब्दावर मी तिथे जाऊन बसू लागलो. कॅसेटी मागे पडून डेझी नावाच्या पद्धतीच्या सीडी आल्या होत्या. त्यात थेट धड्यावर किंवा पानावर उडी मारता येते, आवाजाचा वेग वाढवता येतो. एक वाक्य चारदा ऐकलं तरी समोरचा वैतागत नाही, हे सुख ज्याला माहीत नाही त्याला समजावता येणार नाही. ऐकणं सोपं असतं असं मात्र म्हणू नका. वाचणाऱ्या एका बाईंनी पुस्तपालनाचं तेरीज पत्रक, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी, वाचताना आधी नावे बाजूचे सगळे आकडे एका दमात वाचले, मग जमा बाजूचे सगळे. कुठला आकडा कुठल्या खात्याचा ते तुमचं तुम्ही जुळवा. दुसरे एक काका ओळीओळीने वाचायचे, "रोख खाते, नावे, इतके". मी आणि तिथली सगळी मुलं त्या काकांच्या सीडीवर टपून असायचो.

तिथे एकदा जे झालं त्यामुळेच हा प्रश्न मला बोचतो, म्हणून ते नीट सांगतो.

माझ्या शेजारच्या मशीनवर सोलापूरकडचा एक मुलगा बसायचा, पूर्ण अंध. आमच्यात बोलणं नव्हतं. एक दिवस काठी टेकत तो माझ्याकडे आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की या मुलाला दिसतं. त्याच्या हातात वसतिगृहाचं पत्रक होतं. म्हणाला, "तुला दिसतं ना? हे जरा वाच की."

मी हेडफोन काढले, कागद घेतला. "उ... प... रो..." पहिलाच शब्द 'उपरोक्त'. पुढे 'विषयान्वये'. मी अडकलो. तो थांबला. मी पुन्हा सुरुवात केली.

"मराठी शाळेतला नाहीस का?"

"आहे."

"मग?"

"दिसतं. पण वाचता येत नाही लवकर."

त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. पूर्वी त्याच्या गावी एकाने मुद्दाम भलतंच वाचून दाखवलं होतं आणि सगळे हसले होते, हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या क्षणी तो एवढंच म्हणाला, मोठ्याने, "आंधळ्याची चेष्टा करतोस होय रे?" मशीनवरची सगळी डोकी वर झाली. बघायला नाही, ऐकायला.

व्यवस्था बघणाऱ्या बाई आल्या. त्यांनी माझं कार्ड मागितलं. कार्ड नव्हतं, काकूंचा शब्द होता. एलडीचं सर्टिफिकेट दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि रजिस्टर उघडलं. त्यात माझ्यासाठी रकानाच नव्हता. त्यांची काही चूक नव्हती. तेव्हा देशात १९९५ चा कायदा होता, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्या सातांत अध्ययन अक्षमता नव्हती. बाई अगदी शांतपणे बोलल्या, आवाजही चढवला नाही. "मशीनं मोजकी आहेत बाळा. ज्यांना दुसरा मार्गच नाही, त्यांच्यासाठी आहेत ही. तू प्रयत्न केलास तर वाचू शकशील."

प्रयत्न केलास तर. पहिलीपासून हेच ऐकत होतो, पण ते शाळेत. इथे, जिथे पहिल्यांदा प्रयत्नाला फळ आलं होतं तिथे, हे ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. चिडून काहीतरी बोलावं तर समोर खरोखर ज्यांना दिसत नाही अशी मुलं बसलेली. त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडाने म्हणणार की मलाही अडचण आहे? पिशवी उचलली आणि बाहेर आलो.

जिन्यावर मागून काठीचा आवाज आला. तोच मुलगा. मला वाटलं माफी मागायला आला असेल. छे. "ते राहू दे," म्हणाला, "शेवटची तारीख काय लिहिलीय तेवढं सांग. ऑफिसात कुणी जागेवर नाही."

मी कागद पुन्हा धरला. आकडे सापडले. "एक आणि तीन."

"तेरा की एकतीस?"

"तीन आधी आहे."

"मग एकतीस म्हण ना."

मग त्यानेच युक्ती काढली. मी शब्द वाचायचा नाहीच, नुसती अक्षरं सांगायची, जशी दिसतील तशी. 'घ' किंवा 'ध' अशी शंका असेल तर दोन्ही सांगायची. शब्द तो लावणार. त्याची भाषा माझ्यापेक्षा कितीतरी पक्की होती, तीन अक्षरांत शब्द ओळखायचा. अख्खं पत्रक आम्ही तसं संपवलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, दोघं शब्दकोडं सोडवतायत.

इथपर्यंत सांगितलं की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. दोन अपंगांची मैत्री वगैरे. तसलं काही नव्हतं, गरज होती. रेकॉर्डिंगमध्ये अर्थशास्त्राच्या आकृत्या आल्या की वाचणारे म्हणायचे, "येथे आकृती दिली आहे, ती पाहावी," आणि पुढे जायचे. मला आकृती दिसायची, त्याला नाही. मागणीवक्र मी त्याच्या तळहातावर बोटाने काढून दाखवला, आणि किंमत उभ्या अक्षावर का घेतात म्हणून त्याने मलाच फैलावर घेतलं. बदल्यात संस्थेच्या सीडी त्याच्या कार्डावर यायच्या आणि आम्ही दोघं त्या ऐकायचो. दोघं कशा ऐकायचो, हे आता वकील असल्यामुळे इथे लिहिणार नाही.

कायद्याचं पुढचं मात्र लिहितो, कारण तिथे माझी बाजू भक्कम आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, आणि अपंग व्यक्तींसाठी पुस्तक त्यांना वापरता येईल अशा रूपात आणायला परवानगीची अडचण राहिली नाही. २०१३ च्या जूनमध्ये मोरोक्कोतल्या मराकेशला आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश, २०१४ साली. त्या करारात लाभार्थी म्हणून नुसते अंध नाहीत, ज्यांना वाचनाची अक्षमता आहे तेही आहेत. म्हणजे मी. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सातांचे एकवीस प्रकार झाले आणि अध्ययन अक्षमता त्यात आली. त्याच वर्षी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. अमेरिकेत तर १९४८ साली, दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना कॉलेजची पुस्तकं ऐकवायला जी संस्था निघाली, तिने १९९५ मध्ये आपल्या नावातच डिस्लेक्सिक मुलांना जोडून घेतलं. त्या बाईंच्या रजिस्टरमध्ये जो रकाना नव्हता तो आता आहे. हे सगळं मी त्या मित्राला एकदा फोनवर वाचून दाखवलं. म्हणजे पाठ म्हणून दाखवलं.

तो आता एका बँकेत आहे. म्हणाला, "कागद तुझ्या बाजूने आहे, मान्य. पण तुला समोरून येणारी बस दिसते. आपलं एक नाही."

नाहीच. मी कधी म्हटलं एक आहे?

विशीत मी म्हणायचो. कॉलेजात तावातावाने भांडायचो की छापील पानाचं एवढं काय कौतुक, कानाने शिकलेलं ज्ञान कमअस्सल आहे का, आता यंत्र वाचतंय, उद्या पाहिजे ते वाचेल, अक्षरांशी झटापट करायचीच कशाला. त्या विशीतल्या पोराशी आज माझं पटत नाही. पक्षकार ऐन वेळी हातात कागद ठेवतो आणि कोर्ट म्हणतं, "वाचा." तिथे हेडफोन नसतो. फोनने फोटो काढून त्याच्याकडून वाचून घेण्याएवढा वेळही नसतो. जुन्या फॉन्टमधल्या मराठी पीडीएफसमोर तर यंत्रसुद्धा माझ्यासारखंच अडखळतं. ऐकताना पुस्तक उघडं ठेवून ओळीखाली बोट फिरवत गेलो तेव्हा वाचन थोडं सुधारलं, म्हणून पालकांना मी तेच सांगतो, नुसता ऑडिओ लावून देऊ नका. पण मग तो विशीतला मला विचारतो, नऊ वर्षं तुला नुसतं वाचायलाच लावलं होतं ना, एकेक धडा दहादा उतरवून काढायला लावला होता ना, तेव्हा काय उजेड पडला? तेही खरं. सवय लागेल, पोर आळशी होईल असं म्हणणाऱ्यांपुढे अजूनही मी त्याच्याच बाजूने उभा राहतो.

हा लेखही मी फोनला बोलून लिहिलाय. वेलांट्या बायकोने तपासल्या. तेरीज पत्रक म्हणजे काय ते तिने मध्येच विचारलं.

राहता राहिला तुमच्या प्रश्नातला न बोललेला भाग, की मी कुणाच्या वाटचं घेतलं का. नोकरीत तसं होत नाही. २०१६ च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांतलं चार टक्के आरक्षण वाटून दिलंय, अंधांचा एक टक्का वेगळा, आमचा स्वमग्न, मनोरुग्ण वगैरेंच्या सोबत वेगळा. रेकॉर्डिंगचंही आता सोपं आहे, एकाने फाइल उतरवली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. पण कॉलेज प्रवेशातल्या पाच टक्के जागा सगळ्या प्रकारांना मिळून आहेत. तिथे पुण्यामुंबईतला, इंग्रजी शाळेतला, क्लास लावलेला एलडीचा मुलगा आणि सोलापूरकडचा अंध मुलगा एकाच यादीत येतात. मित्राने नेमकं हेच दाखवलं तेव्हा मी त्याला कलम वाचून दाखवलं, आणि तो म्हणाला, "कलम मला पाठ आहे."

पालक माझ्याकडे या जागांचे फॉर्म घेऊन येतात आणि विचारतात, भरू का? कायद्याने भरता येतो, असं मी सांगतो. सल्ल्याची फी घेत नाही. दुसरं काही विचारलं, तर त्या मित्राचा नंबर देतो.