काट्यावरचं वजन

त्या दिवशी वीज गेली नसती तर ती वही मी उघडलीच नसती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ऑफिसात माझं जे कौतुक झालं ते मला आजही खुपतं.

काही वर्षांपूर्वीचा जुलै, भोसरी एमआयडीसी, बाहेर धो धो पाऊस. अणुवीज प्रकल्पांना लागणाऱ्या मालाची गुणवत्ता तपासणं हे माझं काम. अणुभट्टी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घुमट उभा राहतो, पण माझी नोकरी त्या घुमटापासून शेकडो किलोमीटरवर, पत्र्याच्या शेडमध्ये चालते. २०१७ साली केंद्राने ७०० मेगावॉटच्या दहा अणुभट्ट्यांना एकदम मंजुरी दिली, तेव्हापासून आमची धावपळ आणखी वाढली. मोठी कामं बडे कारखाने घेतात. त्यांच्याखाली त्यांचे पुरवठादार, त्यांच्याखाली टर्निंगची कामं करणारे छोटे कारखाने आणि सगळ्यांत खाली धातू विकणारा स्टॉकिस्ट. जसजसं खाली जावं तसतशी अणुभट्टी लोकांच्या नजरेआड होत जाते. राउंड बार, म्हणजे धातूची गोल सळई, विकणाऱ्याच्या लेखी तो फक्त राउंड बार असतो.

त्या दिवशी मी गेले होते त्या छोट्या कारखान्यात मॉडरेटर सर्किटसाठी, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं जड पाणी फिरवणाऱ्या पाइपांसाठी, कपलिंग बनत होती. मुठीत मावेल एवढा स्टेनलेस स्टीलचा तुकडा, दोन्ही बाजूंनी पाइप बसवून वेल्ड करायचा. ग्रेड ३०४एल. यातला ‘एल’ म्हणजे कार्बन कमी, ०.०३ टक्क्यांच्या आत. साध्या ३०४ मध्ये तो याच्या दुपटीहून जास्त असला तरी चालतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच चकचकीत. फरक पडतो तो वेल्डिंग झाल्यावर. कार्बन जास्त असेल तर वेल्डच्या उष्णतेने तो क्रोमियमला धरतो आणि धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. त्या सीमांजवळचं क्रोमियम घटलं की गंजाला वाट मिळते, आणि काही वर्षांनी जोडाच्या शेजारीच तडा जातो. उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये ३०४ च्या पाइपांनी जगभर हा त्रास दिलेला आहे. आमच्या सर्किटमध्ये जड पाणी, त्यात किरणोत्सर्गी ट्रिटियम. तिथे गळती म्हणजे दुरुस्तीला आत जाणाऱ्या माणसाच्या अंगावर किरणोत्सर्गाचा डोस.

मी गेले होते बारवरचा हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या ज्या एका ओतणीतून तो धातू आला तिचा क्रमांक, कापायच्या तुकड्यांवर उतरवून घ्यायला. आमच्याकडे आधी नंबर उतरतो, मग करवत चालते. नंबर नसलेला तुकडा कितीही चांगला असला तरी आमच्या लेखी अनाथ. पहिल्या बारवर पंच मारून झाले आणि वीज गेली. बँडसॉ थांबला. मालक चहा सांगायला गेले आणि मी स्टोअर सांभाळणाऱ्या काकांच्या टेबलापाशी बसले. समोर आवक रजिस्टर होतं. काहीतरी वाचायला हवं म्हणून पानं उलटू लागले.

मार्च महिन्यात त्या हीट नंबरचे चार बार आले होते, ३७२ किलो. धातू बनवणाऱ्या मिलच्या टीसीवरही, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेटवरही, ३७२ किलो. पुढे जूनच्या पानावर तोच हीट नंबर, तीन बार, २७९ किलो. मी फाइल उघडून टीसी पुन्हा पाहिलं. त्या एका कागदावर ३७२ किलोच माल होता आणि कारखान्यात आला होता ६५१ किलो.

“काका, हे वजन चलनावरून घेतलं का?”

“नाही मॅडम. मी काट्यावर जे येतं ते लिहितो. चलनावरचं लिहायचं तर वही कशाला ठेवायची?”

मार्चच्या मालाचा नमुना लॅबमध्ये तपासला होता, कार्बन ०.०२१. जूनचा माल त्याच हीटचा म्हणून आला, म्हणून पुन्हा नमुना काढलाच नव्हता. नियमाप्रमाणे एका हीटला एक चाचणी. त्या फटीतून तीन बार सरळ आत आले होते. मालकांनी लगेच हातातली एक्स-रे गन आणून बारला लावली. क्रोमियम १८.३, निकेल ८.१, स्क्रीनवर ३०४. “बघा मॅडम, बरोबर आहे.” बरोबर होतंच, कारण ती गन कार्बन पाहूच शकत नाही. इतक्या हलक्या मूलद्रव्याचे किरण तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. कार्बन मोजायला धातूवर ठिणगी पाडून तिचा प्रकाश तपासावा लागतो.

वीज आल्यावर तिन्ही बारांच्या टोकाची एकेक चकती कापून घेतली. चकत्यांवर माझा पंच मारला आणि पावसातच दोन गल्ल्या पलीकडच्या लॅबमध्ये स्वतः घेऊन गेले. चकती घासून यंत्रावर ठेवली, ठिणगीचा तो चर्रर्र आवाज झाला, आणि कागद बाहेर आला. ०.०५८. दुसरी ०.०५६. तिसरी ०.०५८.

खरी धडकी त्यानंतर भरली. जूनच्या बारांतली २४ कपलिंग दोन आठवड्यांपूर्वीच साइटला गेली होती. त्यांच्या शिपिंग रिलीजवर सही माझी. मी लॅबच्या पायऱ्यांवर उभी राहून साहेबांना फोन लावला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “आधी साइटला सांग. बाकीचं नंतर.” साइटच्या स्टोअरने तासाभरात उलट फोन केला. १९ नग कपाटात, ५ नग वेल्ड झालेले.

मालकांचा चेहरा मला अजून आठवतो. कर्ज काढून उभा केलेला कारखाना, आणि या कामाचा त्यांना अभिमान. शेडच्या दारावर स्टेनलेससाठी वेगळे ग्राइंडिंग व्हील ठेवण्याची पाटी त्यांनी स्वतः रंगवून लावली होती, कारण साध्या लोखंडाचा कण चिकटला तरी स्टेनलेसला गंज धरतो. ते म्हणाले, “मॅडम, मी कशाला असं करीन?” माझा त्यांच्यावर विश्वास होता, आजही आहे. पण त्या दिवशी माझ्या विश्वासाला काही किंमत नव्हती. उरलेल्या बारांना लाल रंग लावला, कुलपात ठेवले, चावी सील केली.

मिलचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. टीसी अस्सल होतं, हीट त्यांचीच होती, त्या स्टॉकिस्टला ३७२ किलोच विकली होती. म्हणजे कागद खरा, त्याच्या आधाराने आलेला माल दुसराच. बारवरचा मूळ नंबर घासून नवा मारला होता. भिंगाखाली अंकांच्या आजूबाजूला घासल्याच्या बारीक रेघा दिसल्या. मी त्या बारांवरून आधी बोट फिरवलं होतं आणि मला त्या जाणवल्या नव्हत्या.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला दक्षिण कोरियाचं उदाहरण देतात. तिथे २०१२ मध्ये सुट्या भागांची बनावट प्रमाणपत्रं सापडली, २०१३ मध्ये केबलींच्या चाचण्यांचे खोटे कागद सापडले, आणि दोन्ही वेळा चालत्या अणुभट्ट्या थांबवाव्या लागल्या. फ्रान्समधल्या ल क्रूझोच्या फोर्जिंग कारखान्यातली जुन्या नोंदींमधली गडबड २०१६ मध्ये उघडकीला आली, तीही दशकांपूर्वीपासूनची. ते शिकल्यामुळे मी खोटा कागद शोधायला तयार होते. खऱ्या कागदासाठी तयार नव्हते.

नंतर आम्ही त्या बारची पट्टी ६७५ अंशांवर तासभर तापवून, गंधकाम्ल आणि मोरचुदाच्या द्रावणात उकळून वाकवली. चांगली ३०४एल पट्टी वाकवल्यावर गुळगुळीत राहते. ही वाकली तशी बाहेरच्या वळणावर उन्हात तडकलेल्या शेतासारख्या भेगा उमटल्या. बघताना हात गार पडले. हेच साइटवर वेल्ड होऊन बसलं होतं.

ती पाच कपलिंग साइटने कापून काढली आणि नवे जोड करून पुन्हा रेडिओग्राफी, पुन्हा दाबाची चाचणी केली. काढलेले तुकडे आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्यावर पाइपाचे कापलेले गोल तसेच चिकटलेले होते. प्रत्येकावर माझा पंच स्पष्ट वाचता येत होता.

हीटमागे एक चाचणी हा नियम बदलून आवकेमागे एक असा करावा, आणि टीसीच्या वजनाचा काट्याच्या वजनाशी ताळा घ्यावा, असं मी लिहून दिलं. दुसरी गोष्ट लगेच मान्य झाली. पहिलीला खर्चाच्या प्रश्नामुळे काही महिने लागले. त्यासाठी मी भांडले.

ऑक्टोबरमध्ये नवे बार आले, या वेळी थेट मिलकडून. मी गेले तेव्हा काका काट्याजवळ उभे होते. टीसीवर ४६५ किलो. त्यांनी बार एकेक चढवले, बेरीज केली, पुन्हा केली.

“४६३ आणि वर अर्धा. दीड किलो कमी आहे मॅडम.”

“लिहा,” मी म्हटलं. त्यांनी लिहिलं, आणि मी चकत्या कापायला सांगितल्या.